महापौर उठून उभे राहिले

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये त्यांना सगळे ‘मिस्टर मेयर’ म्हणायचे. आदरानं नव्हे, चेष्टेनं. डॉक्टर राउंडला आला की हे गृहस्थ हातात दोन जाड सुया असताना खुर्चीतून उठायला बघायचे. हात हलला की मशीन बोंबलायला लागायचं आणि मी धावत जायचे. “अहो, तो तुमच्या मुलाच्या वयाचा आहे, बसा की गुपचूप!” ते ओशाळून हसायचे. पुढच्या राउंडला पुन्हा तेच.

मला त्या उठण्याचा मनापासून राग यायचा. मी नागपूरची. आमच्या मूळ गावात पाटील नुसता रस्त्यानं गेला तरी माझ्या आजोबांना खाटेवरून उठावं लागायचं, अंगात ताप असला तरी. म्हणून बाबांनी आम्हा भावंडांना लहानपणीच बजावलं होतं की आपण कोणासाठी उठायचं नाही. नॉटिंगहॅमला येऊन नर्स झाले तरी ते अंगातून गेलेलं नाही. मॅनेजर आली तरी मी बसल्या जागेवरूनच बोलते. आणि हा शिकलासवरलेला म्हातारा एका पोरगेल्या डॉक्टरसाठी स्वतःचं रक्त सांडायला तयार!

एकदा चिडून विचारलंच, “ही सवय लागली कुठून तुम्हाला?”

“सिस्टर, याच सवयीनं मी महापौर झालो,” ते म्हणाले.

ते इराकमधल्या एका शहरात हेडमास्तर होते. २००३ सालची लढाई संपली, ब्रिटिश फौज शहरात येऊन बसली, जुना महापौर पळून गेला. फौजेच्या मेजरनं गावातल्या प्रतिष्ठितांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं की मेजर आला तरी कोणी उठायचं नाही. यांनाही ते पटलं होतं. पण शाळा यांची, म्हणजे यजमान हे. आणि त्यांच्या घराण्याची रीत अशी की दारातून वैरी आत आला तरी यजमान उठतो, त्याला बसवतो, मग काय वैर करायचं ते करतो. मेजर आत आला आणि हे उठले. एकटेच. मेजरनं काही विचारलंच नव्हतं. त्यानं यांच्या खांद्यावर हात ठेवला, दुभाष्याला दोन वाक्यं सांगितली, आणि हे महापौर झाले. बाहेर रणगाडा उभा असताना नाही कोण म्हणणार?

“वाटलं, निदान नळाला पाणी तरी आणू,” ते म्हणाले. पाणी आलंही. मग ‘इंग्रजांचा महापौर’ म्हणून कोणीतरी त्यांच्या थोरल्या मुलाला घराच्या फाटकात गोळ्या घातल्या.

त्या दिवसापासून बायकोनं अबोला धरला. खुर्चीच्या हावेपायी हा माणूस उठला आणि त्यात माझा मुलगा गेला, असं तिचं म्हणणं. देश सोडला, इथं संसार मांडला, तरी अबोला सुटला नाही. त्यांच्यासाठी डबा घेऊन ती युनिटमध्ये यायची, पण द्यायची माझ्या हातात. “त्याला सांग, मीठ घातलेलं नाही.” ते शेजारीच बसलेले असायचे. “तिला सांगा, छान झालंय,” ते म्हणायचे. दोघांच्या मध्ये मी, पगारी पोस्टमन! हसू यायचं आधी. नंतर येईनासं झालं.

त्यांचं हृदय इतकं दुबळं होतं की नवी किडनी बसवणं शक्य नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. मरायच्या आधी बायकोनं एकदा तरी आपल्याशी बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं. ‘यानं पद मागितलं नव्हतं,’ हे तिला सांगू शकेल असा एकच माणूस होता. तो मेजर.

तो आता निवृत्त झाला होता आणि फौजेबरोबर काम केलेल्यांच्या एका चहापानाला बोलणार होता. यांनी त्याला फोन केला. त्याला आठवण होती. “जसं घडलं तसं सगळ्यांसमोर सांगतो,” असं त्यानं आनंदानं कबूल केलं. बायकोही यायला तयार झाली. गाडी मी चालवली. हे पुढं, अंगावर ढगळ झालेला सूट घालून. ती मागं, तोंड खिडकीकडं.

चर्चच्या हॉलमध्ये चहा, स्कोन म्हणजे ते इंग्रजी गोडसर पाव, पताका. मेजर पांढऱ्या केसांचा, गुबगुबीत, हसरा. “हॉलभर रुसलेले चेहरे,” तो रंगात येऊन सांगू लागला. “मी म्हटलं, कोण चालवणार हे शहर? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हा पठ्ठ्या ताडकन उभा! अख्ख्या इराकमधला सगळ्यात हौशी माणूस!”

सगळे हसले. तो मुद्दाम खोटं बोलला असं मला आजही वाटत नाही. इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर सांगून सांगून त्याला ते तसंच आठवत असणार. पण त्या क्षणी हातातला स्कोन त्याच्या टाळक्यात घालावा असं वाटलं.

मग तो हात पुढं करून आमच्या टेबलाकडं यायला लागला. मी यांची बाही घट्ट धरली. “बसा. आज उठायचं नाही.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. ती एकटक त्यांच्याकडंच बघत होती. मेजर जवळ आला.

ते उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडीत ती बोलली. माझ्याशी नाही, थेट त्यांच्याशी. अरबीत, एकच वाक्य. ते ओंजळीत तोंड घालून रडायला लागले. मला वाटलं, सुटला बाई एकदाचा अबोला.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाली, आज तरी बसून राहायचं होतंस.”

सोमवारी डॉक्टर राउंडला आला. हे उठले नाहीत. मोकळ्या हातानं खुर्चीचा दांडा आवळून, खाली मान घालून बसून राहिले. मशीन गप्प होतं. ती डबा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं. मी मुद्दाम बाजूला झाले. त्यांनी डब्यासाठी हात पुढं केला.

ती त्या हाताला वळसा घालून माझ्याकडं आली.

“त्याला सांग,” ती म्हणाली, “मीठ घातलेलं नाही.”