पारोसं घर

राणीसावरगावहून मी एसटीत बसलो, त्या सकाळी माझं अख्खं घर पारोसं होतं. आंघोळ फक्त मी केलेली. मायनं सगळ्यांना बजावलं होतं, "गेलेल्या मान्सामागं पानी घेऊ न्हाई." घरातून प्रेत उठलं की मागची माणसं न्हातात, जित्या माणसामागं तसं करायचं नाही. मस्कतला पोचल्याचा माझा फोन गेला, तेव्हा कुठं ती न्हाली. मी फोनवर हसलो होतो.

गावाकडच्यांनो, तुमचा अवेळी फोन आला की उचलायच्या आधीच आम्ही घरातली म्हातारी माणसं मोजतो. बाहेर पडलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. भावकीत कुणी गेलं की आबा, म्हणजे वडील, फोन करायचे. मेला हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. "आंघूळ करून घे," एवढंच म्हणायचे, मग नाव सांगायचे. ही आंघोळ थंड पाण्याची, डोक्यावरून. मस्कतच्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी अशी तापते की थंडच्या नळालाही कढत पाणी येतं. म्हणून मी बाथरूममध्ये एक बादली कायम भरून ठेवायला लागलो. रूममधल्या केरळी सोबत्याला सांगितलं, कपड्यांसाठी आहे. पण रोज तिच्याकडे बघितलं की वाटायचं, आता कुणाचा नंबर? मरणाची तयारी करून बसलोय, असंच वाटायचं.

यंदा मे महिन्यात आबांच्या नंबरावरून फोन आला. आवाज धाकट्या भावाचा, बाळूचा होता.

"दादा, आंघूळ करून घे."

नाव त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. उन्हामुळं माझ्यासाठी थांबता आलं नव्हतं. माती उरकून सगळे घरी आले होते. मग तो म्हणाला, "माय न्हाईना. कुनाचंच ऐकंना. तू ये."

भरलेली बादली तशीच सोडून मी पारोसाच निघालो.

दुसऱ्या दिवशी दारात रिक्षा थांबली. माय ओसरीवर बसलेली, अंगावर कालचंच लुगडं, केस कोरडे. शेजारच्या बाया समजावून थकल्या होत्या. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"आलास? मग घेते आता पानी."

ती माझी वाट बघत होती की आबांची, हे मला विचारवलं नाही. अंगणात बाळूनं आधी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, मग माझ्या. तेव्हा मी रडलो.

मस्कतला आलो आणि ती बादली ओतून दिली. घरात थोरलं माणूस म्हणून आता एकटी माय उरलीय. नळाला कढत पाणी येतं, येऊ दे. बादली मी भरणार नाही.