एक, दोन, अडीच

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला, पडद्याआड, काचा घासायचं मशीन आहे. त्या मशीनवर एकतीस वर्षं एकच बाई बसते. तिला सगळे ताई म्हणतात. मालकसुद्धा ताईच म्हणतात, आणि ते तिच्यापेक्षा चांगले बारा वर्षांनी मोठे आहेत. ताईच्या कामात खोट काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय. दोन बुबुळांमधलं अंतर पट्टीने मोजायचं, काचेवर शाईचा ठिपका द्यायचा, फ्रेमच्या मापाने काच घासायची, फ्रेम गरम करून ती बसवायची. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, आणि मग गिऱ्हाईक मालकांचं डोकं खातं. मोजताना ती म्हणते, "माझ्या नाकाकडे बघा." रोज वीस-पंचवीस माणसं वीतभर अंतरावरून तिच्या नाकाकडे बघतात. ताईचे डोळे कसे आहेत म्हणून विचारा त्यांना. एकाला सांगता येणार नाही.

घरी ती एकटीच. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून दोन खोल्यांत दुसरं माणूस नाही. खाली लॉन्ड्री आहे, त्यामुळे फरशी दिवसभर कोमट असते, तेवढीच काय ती ऊब. धाकटा भाऊ दूरदेशी. दर रविवारी सकाळी अकराला त्याचा फोन येतो. वाईट नाही हो तो, एक रविवार चुकवत नाही. पण बोलणं म्हणजे नुसती हजेरी. तब्येत बरी आहे ना, गोळ्या घेतेस ना, इकडे थंडी आहे, चल ठेवतो. फोनवर मिनिटं दिसतात, आणि ताईला आकडा दिसला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही. चारच्या पुढे आकडा गेल्याचं तिला आठवत नाही.

हा भाऊ पूर्वी असा नव्हता. तो अकरा वर्षांचा आणि ही सतरा, तेव्हा दोघं एकमेकांना चिकटलेली असायची. मामाने कुठूनसं टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र आणून दिलं होतं. त्यात एक बुटका माणूस कंदील घेऊन धावायचा, खड्ड्यांवरून उड्या मारायचा. आठ किल्ले पार करायचे आणि शेवटचा दरवाजा उघडायचा, झालं. त्या बुटक्याचं नाव दोघांनी ठेवलं कंदील्या. पण त्यांचा टीव्ही होता म्हातारा. पडद्याची खालची चौथाई पट्टी कायमची काळी. खड्डे सगळे नेमके त्या काळ्या पट्टीत. कंदील्याचं डोकं दिसायचं, पाय दिसायचे नाहीत. दुसरी मुलं असती तर त्यांनी खेळ टाकून दिला असता. या दोघांनी काय करावं? खड्डे मोजून काढले. धाकटा यंत्राची बटणं धरायचा आणि ताई शेजारी बसून मोठ्याने मोजायची. अमुक खांब गेला की एक, दोन, उडी. मेला, तर पुढच्या वेळी एक, दोन, तीन, उडी. बसली की वहीत लिहायचं. आठही किल्ल्यांचे आकडे तिने एका चौकटीच्या वहीत उतरवले होते, आणि खरं सांगायचं तर वहीची तिला गरज नव्हती. सगळं तोंडपाठ होतं.

आठव्या किल्ल्यातला शेवटचा खड्डा काही केल्या बसेना. दोनवर लवकर, तीनवर उशीर. एका संध्याकाळी ताईच्या डोक्यात आलं, अडीच. एक, दोन, अडीच, उडी. कंदील्या पलीकडे टेकला. दहा पावलांवर दरवाजा दिसत होता. तेवढ्यात आईने हाक मारली, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे ताईला चष्म्याचं काम शिकायला बाहेरगावी जायचं होतं, आणि बॅग अजून रिकामी होती. दोघांनी ठरवलं, दरवाजा सुट्टीत उघडायचा. एकट्याने शेवट बघायचा नाही. हातावर हात मारून ठरवलं.

सुट्टीत ती आली तेव्हा धाकट्याने सांगितलं, यंत्र बिघडलं. बस्, तिथपासून तो कंदील्याबद्दल बोलला नाही. तिच्या शेजारी बसणंही हळूहळू सुटलं. मोठा होतोय, असं आई म्हणाली. ताईला मात्र वाटत राहिलं की आपण निघून गेलो म्हणून तो रुसला. छत्तीस वर्षं झाली, तरी तिला वाटतं की तो दरवाजा तेव्हा उघडला असता तर भाऊ आपला राहिला असता. वेडेपणा आहे, तिलाही कळतं. पण एकट्या माणसाच्या मनात एखादी गोष्ट घर करून बसली की तिला बाहेर कोण काढणार?

आणि मागच्या महिन्यात शेजारचा मोबाइलवाला नवा चष्मा लावून बघायला आला. लांबचं दिसतंय का, जवळचं दिसतंय का, म्हणून त्याने खिशातून तळहाताएवढं एक खेळणं काढलं आणि डोळ्यांपुढे धरलं. पडद्यावर कंदील्या. रंग नवे, कंदिलातून उजेड पडतो, चिमण्या उडतात, पण धावणं तेच, खांदे पाडून. मोबाइलवाला म्हणाला, जुना खेळ आहे, आता हातात धरून खेळायचा नव्याने काढलाय. ताईने त्याचा चष्मा दोनदा पुसला. त्याच संध्याकाळी त्याच्याकडून विकत घेतलेलं तसलंच एक यंत्र तिच्या पिशवीतून घरी आलं.

सुरुवातीला तिची फजितीच झाली. एक तर तिने बटणं कधी धरलीच नव्हती, ती मोजणारी. त्यातून हातातला खेळ म्हणजे एकट्याचा खेळ, शेजारी बसणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे इथे खड्डे दिसत होते. कोणालाही आनंद झाला असता. ताईचा घोटाळा व्हायचा. खड्डा दिसला की ती दचकायची, मोजणं चुकायचं, कंदील्या खाली. शेवटी तिने आपला मार्ग काढला. खांब गेला की डोळे मिटायचे, मोठ्याने मोजायचं आणि उडी मारायची. लोकांना नीट दिसावं म्हणून जन्म घालवलेली बाई स्वतः डोळे मिटून खेळत होती, आणि एकामागून एक किल्ले पडत होते. आकडे अजून तेच होते. बनवणाऱ्यांनी चित्रं बदलली, अंतरं बदलली नव्हती.

तिचा बेत पक्का होता. आठव्या किल्ल्यातला शेवटचा खड्डा ओलांडायचा, दरवाज्याअलीकडे थांबायचं, आणि रविवारी भावाला सांगायचं की मी इथे उभी आहे, तू ये. सुट्टी काढून ये. चार मिनिटांत न संपणारं काहीतरी आपल्याकडे आहे, या विचाराने ती आठवडाभर हरखून गेली होती.

शनिवारी दुकान सुटल्यावर ती खिडकीत बसली. शेवटचा खांब गेला. तिने डोळे मिटले. एक, दोन, अडीच. उडी. कानावर कधी न ऐकलेलं संगीत आलं.

डोळे उघडते तर कंदील्या दरवाज्याच्या आत. पडदा छोटा, म्हणून बनवणाऱ्यांनी तेवढा दरवाजाच पुढे ओढून खड्ड्याच्या काठाला आणला होता. डोळे उघडे ठेवून खेळणाऱ्या कोणालाही तो लांबूनच दिसला असता. तिने यंत्र उशीखाली सारलं, जसं काही कोणी बघणार होतं. छत्तीस वर्षं पाळलेला शब्द, आणि मोडला कोणी, तर तिने. आता रविवारी सांगायला तिच्याजवळ काय उरलं होतं? गप्प बसावं, असंही तिच्या मनात आलं. पण खोटं पचवायची तिला सवय नव्हती. सांगितलं तर हा राहिलेला चार मिनिटांचा धागाही तुटेल, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला.

रविवारी अकराला फोन आला. तब्येत बरी आहे, गोळ्या घेते, असं म्हणून झालं. मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. खेळणं, मिटलेले डोळे, पुढे आलेला दरवाजा, सगळं. फोनवर मिनिटं पळत होती.

"ताई," तो म्हणाला, "यंत्र बिघडलं नव्हतं."

आणि मग तोही सगळं सांगत सुटला.

"तू गेलीस त्याच आठवड्यात मी तो दरवाजा उघडला. मला उघडायचा नव्हता. तुझ्यासारखं मोठ्याने मोजत बसायचो, म्हणजे तू शेजारी आहेस असं वाटायचं. मोजता मोजता पुढे गेलो. मग तुला तोंड कसं दाखवू म्हणून यंत्र माळ्यावर फेकलं. तू विचारशील म्हणून तुझ्याजवळ बसायचीच भीती वाटायची. पुढे तीच सवय झाली."

तिला राग यायला हवा होता. छत्तीस वर्षं ती ज्या दाराशी उभी होती ते केव्हाच उघडून बंद झालं होतं. पण तिला दिसला तो काळ्या पट्टीच्या टीव्हीसमोर एकटा बसून बहिणीच्या आवाजात मोजणारा अकरा वर्षांचा मुलगा. एकटं आपल्यालाच टाकलंय, असं ती धरून चालली होती. त्याला कसं वाटतंय, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

फोनवर अकरा मिनिटं झाली होती.

"ताई, एकदा मोज ना," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. "एक," ती म्हणाली. "दोन." तेवढ्यात पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली, काहीतरी पडल्याचा आवाज आला. "थांब हं, आलोच," असं घाईने म्हणून त्याने फोन ठेवला.

ती फोन कानाला धरून तशीच बसून राहिली. मग अडीच ती एकटीच म्हणाली, आणि डोळे न उघडता त्याच्या उडीची वाट बघत राहिली.