तांदळाच्या डब्यावरचा पट्टा

समुद्राखाली जायचं तर पोहायला यावं लागतं, श्वास धरून न ठेवता सोडत राहावा लागतो आणि उगाच घाबरायचं नसतं, हे सगळं मला मान्य होतं. पण माझं घोडं एका बकलापाशी अडेल असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आम्ही दोघीच घाटकोपरला राहतो, मी आणि आई. मी विमा कंपनीतून निवृत्त झाले, पण वर्षानुवर्षं कीबोर्ड बडवून उजव्या अंगठ्याचा सांधा कामातून गेला तो गेलाच. बरणीचं झाकण उघडायचं म्हटलं तरी हा अंगठा संपावर जातो. आई ऐंशीच्या घरात आहे, मालवणकडची आहे आणि तिचे दोन्ही अंगठे ठणठणीत आहेत. हा अन्याय मी तिला रोज ऐकवते.

मागे एकदा गावाला गेलो असताना मी किनाऱ्यावरून पर्यटकांचं डायव्हिंग पाहिलं. माणसाच्या पाठीवर सिलिंडर चढवतात, मागून मानगूट धरून त्याला खाली नेतात, माशांबरोबर फोटो काढतात आणि परत वर आणून सोडतात. मजेचं असेल, पण मला पार्सल होऊन जायचं नव्हतं. ज्या समुद्राच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले, तो मला स्वतःच्या पायांनी आत जाऊन बघायचा होता. म्हणून मी अंधेरीच्या एका तरणतलावावर रविवारच्या वर्गात नाव घातलं.

ही गोष्ट आईला सांगायला मला बरेच दिवस लागले. तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझा मामा, मासे मारायला गेला तो परत आला नाही. नांगराची दोरी तुटली आणि वाऱ्याने होडी खडकावर नेली, एवढंच घरात बोललं जायचं. आई तेव्हा परकर नेसणारी पोर होती. पुढे आम्ही मुलं गावाला गेलो की घोट्याइतक्या पाण्यात उभं राहायची परवानगी असे, आणि तीसुद्धा आई काठावर छत्री रोखून उभी असेल तरच.

"दर्याक काय कमी माणसां मिळतत?" मी सांगितल्यावर ती म्हणाली, आणि तो दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मग सिलिंडरवर आली. सिलिंडर म्हटलं की तिला दोनच आठवतात, एक गॅसचा आणि एक दवाखान्यातला. ह्यात साधी हवाच असते, फक्त दाबून भरलेली, हे मी तिला चारचारदा समजावलं. साधी हवा इथेही मिळते, असं तिचं म्हणणं पडलं.

आमची शिकवणारी मुलगी गोराईची. वयाने माझ्या भाचीएवढी, पण हुकूम सोडायला लागली की आमच्या जुन्या साहेबांची आठवण यावी. तिचा पहिला नियम होता, "आपला सिलिंडर आपणच बांधायचा. दुसऱ्याने बांधलेला घेऊन कोणी पाण्यात उतरायचं नाही. आणि उतरण्याआधी जोडीदाराने तो ओढून बघायचा."

बांधायचं म्हणजे काय ते सांगते. अंगात घालायचं एक जॅकेट असतं, त्याच्या पाठीवर जाड नायलॉनचा पट्टा असतो. हा पट्टा सिलिंडरभोवती फिरवायचा, बकलाच्या खाचांतून ओवायचा, जीव खाऊन ओढायचा आणि बकलाचा खटका पलटून दाबायचा. खट्ट असा आवाज झाला की सिलिंडर पाठीला पक्का. सगळ्यात आधी पट्टा पाण्यात भिजवायचा, कारण नायलॉन सुका बांधला तर भिजल्यावर सैल पडतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं. अंगठ्याला काही पाठ होत नव्हतं. वर्गातली कॉलेजची मुलं खट्ट खट्ट करून मोकळी होत आणि मी सिलिंडरशी झोंबी खेळत बसे.

"स्टीलची झटपट लागणारी क्लिप नसते का गं?" मी एकदा विचारलं.

"असते ना काकू! झकास असते. पट्टा सिलिंडरवरच ठेवायचा, जॅकेट नुसतं वरून अडकवलं की झालं काम. नंतर खुशाल घ्या. पण उद्या मालवणच्या बोटीवर ती नसली तर काय करणार? आधी हे जमवा. नाही जमलं तर मी तुम्हाला समुद्रात नेणार नाही, सांगून ठेवते."

तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, याचाच मला जास्त राग आला.

मग मी एक वापरलेलं जॅकेट पट्ट्याबकलासकट विकत घेतलं आणि घरी सराव सुरू केला. ते मेट्रोतून नेताना तपासणीच्या यंत्रावर ह्या पट्ट्या, नळ्या आणि बकलं बघून तिथल्या शिपायाचा चेहरा पांढरा पडे. दर रविवारी मी त्याला डायव्हिंगचा एक धडा शिकवत असे. शेवटी शेवटी तोच मला विचारायला लागला, "बसलं का बकल, मॅडम?"

घरी सिलिंडर नव्हता. गॅसचा फार जाड. हंड्याला पोट. अखेर तांदळाचा स्टीलचा उभा डबा अगदी मापाचा निघाला. संध्याकाळ झाली की मी स्वयंपाकघरात फतकल मारून बसायची आणि डब्याला पट्टा आवळायची. आईला तेव्हाच नेमके तांदूळ हवे असत.

"गो, माका भात लावूचो आसा. तुझ्या समुद्रातसून माझे तांदूळ दी." असं म्हणून ती वाटी घेऊन उभी राही. मी पट्टा सोडून देई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. खटका दाबताना अंगठ्यातून कळ जाई, डोळ्यांत पाणी येई, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी डब्याच्या दुसऱ्या बाजूला तोंड करी.

तलावातली शेवटची परीक्षा दसऱ्यानंतरच्या रविवारी होती. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे काय, तर विळी, अडकित्ता, आईचं शिलाई मशीन आणि माझ्या अंगठ्याला न आवडणारा पाटा. आई ती सगळी आदल्या दिवशी घासूनपुसून ठेवते, हळदकुंकू लावते, झेंडूची फुलं वाहते. त्या वर्षी पाटावर माझं जॅकेटही दिसलं. बकलावर कुंकवाचं बोट आणि पट्ट्यात खोचलेला झेंडू. मी हरखले. म्हटलं, म्हातारी वितळली. तिला काही बोलले नाही, कारण तिला वितळलेलं दाखवलं की ती लगेच परत गोठते.

पूजेतून उचललेलं जॅकेट मी रविवारी थेट तलावावर नेलं. काठावर मी पट्टा भिजवला, सिलिंडरभोवती फिरवला, ओढला, खटका दाबला आणि काय सांगू, इतक्या अलगद बसला की मला स्वतःचा हेवा वाटला. कळ नाही, काही नाही. मी विजयाने इकडेतिकडे बघितलं. माझा जोडीदार म्हणून दिलेल्या कॉलेजच्या मुलाने सिलिंडरवर एक थाप मारली आणि सगळं ठीक अशी खूण केली. ओढून त्यानेही बघितलं नाही आणि मीही नाही. आनंदात कोण ओढून बघतं!

खोल भागात पोचले न पोचले तोच पाठीवरचं वजन सरकायला लागलं. सिलिंडर पट्ट्यातून निसटत खाली आला, मांड्यांवर आपटला, आणि तोंडातली नळी मागे ओढली जाऊ लागली. मी दातांनी ती गच्च धरून ठेवली. पुढच्या क्षणी मागून कोणीतरी सिलिंडर उचलून धरला आणि मला वर काढलं. गोराईची पोरगी होती. काठावर आल्यावर तिने पट्टा हातात घेतला, बोटं एकमेकांवर चोळली आणि नाकाशी नेली.

"काकू, तुम्ही बकलाला खोबरेल लावलंय?"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. ती मात्र हसली नाही. "यार, हे समुद्रात झालं असतं तर वाट लागली असती. दोघांनी एकदा ओढून बघितलं नाही. पुढच्या रविवारी परत या. शेवटचा चान्स."

परतीच्या वाटेवर मी मेट्रोत बसून धुमसत होते. खोबरेल आमच्या घरात कोण कशाला लावतं, हे मला विचारावं लागत नव्हतं. विळीला, अडकित्त्याला, दाराच्या बिजागरीला, स्वतःच्या केसांना. मला जाऊ द्यायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतं, हे कसले उद्योग! घरी शिरल्या शिरल्या मी ओल्या केसांनीच सुरुवात केली.

"तू बकलाला तेल लावलंस?"

आई मेथी निवडत होती. "लायलंय."

"मुद्दाम लावलंस."

"मुद्दामच लायलंय," ती म्हणाली. "रोज बघतंय मी. खट्ट झाला काय तू ओठ चावतंस. तुझो आंगठो दुखता म्हणान लायलंय. आता तरी सोप्या जाता मा?"

मी सोफ्यावर बसले ती बसलेच. इतके दिवस डब्यामागे तोंड लपवत होते ते कोणापासून! जिला मी समुद्रात जायला नको होतं, तिनेच माझा समुद्राकडचा रस्ता सोपा करायला विळीबरोबर माझ्या बकलालाही तेलपाणी केलं होतं. मला रडूच फुटलं.

"आता रडतंस कित्याक?" ती गोंधळून म्हणाली.

मग मी तिला काय झालं ते सांगितलं. थोडं कमी करून सांगितलं, पण तिला कळायचं ते कळलं. तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. पट्टा घसरला म्हणजे खाली काय होतं, असं तिने विचारलं. शिकवणारी जवळ असते, वर येता येतं, मी म्हटलं. आणि ती जवळ नसली तर, तिने विचारलं.

ती उठली, जॅकेट घेऊन न्हाणीघरात गेली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ आतून ब्रशचा आवाज येत होता. भांड्यांचा साबण, गरम पाणी आणि माझा जुना दातांचा ब्रश घेऊन तिने बकलाची एकेक खाच घासली, धुतली, वास घेतला आणि परत घासली. पट्टा खिडकीत वाळत घालून आली तेव्हा तिची बोटं सुरकुतली होती. "आता वास नाय," एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात तांदळाचा डबा माझ्याकडेच होता. गोराईच्या मुलीने फोनवर व्हिडिओ पाठवला होता. अंगठा विसरा, सिलिंडर दोन्ही गुडघ्यांत धरा, पट्टा अंगाने मागे झुकून ओढा आणि खटका तळहाताच्या टाचेने मारा. तसं करून बघितलं. पहिल्या दिवशी डबा आडवा झाला आणि घरभर तांदूळ. आईने ते सुपात भरून घेतले. मी पट्टा लावला की ती यायची, दोन्ही हातांनी डबा धरायची आणि हिसडायची. "सैल आसा," म्हणायची आणि पोळ्या लाटायला परत जायची. ती सैल म्हणाली की मला मनातून तिचा राग यायचा, आणि मी परत आवळायची.

रविवारी ती माझ्याबरोबर निघाली. नऊवारी, पिशवी, छत्री. तलावावर ऊन नव्हतं आणि पाऊसही नव्हता, पण पाण्याजवळ जायचं म्हणजे छत्री हवी हा तिचा जुना कायदा. काठावरच्या बाकावर बसली आणि त्या निळ्या पाण्याकडे संशयाने बघत राहिली.

मी पट्टा भिजवला. गुडघ्यांत सिलिंडर धरला, मागे झुकले आणि तळहाताने खटका मारला. खट्ट. दुखलं, पण झेपण्यासारखं दुखलं. मी जॅकेट उचलून हिसका दिला. सिलिंडर हलला नाही.

"जोडीदार कोण आहे आज?" शिकवणाऱ्या मुलीने विचारलं. बाकीचे मागच्या रविवारीच पास झाले होते. "पाण्यात मीच येते. पण काठावर ओढून बघायला दुसरं कोणी असतं तर..."

आई बाकावरून उठली. छत्री खाली ठेवली, पदर खोचला आणि मी जॅकेट धरून उभी होते तिथे समोर येऊन सिलिंडरचा गळा धरला. ती मुलगी काही बोलणार होती, पण आईचा चेहरा बघून थांबली. आईने ओढलं. पाय रोवून, दात आवळून, ऐंशी वर्षांच्या अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढलं. मग उलट्या बाजूने ओढलं. मीच दोन पावलं सरकले, सिलिंडर जागचा हलला नाही. तिने पट्ट्यावरून सगळीकडे बोट फिरवलं, बकलाचा वास घेतला आणि मग सोडलं. तिला धाप लागली होती.

"तेच्या नांगराची दोरी कोणी ओढून बघूक नाय," ती मला म्हणाली. "तुझी मी बघलंय. जाऊन ये."