घड्याळबाईची तारीख

तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे आणि मला ते मुळीच सहन व्हायचं नाही. बावीस वर्षं मी दिवाणी कोर्टात बोर्ड लावतोय. बोर्ड म्हणजे त्या दिवशी कोणते दावे पुकारायचे त्याची यादी. ही बाई शेजारच्या कोर्टात याच कामावर येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तर वकील चहा पिताना हिचंच कौतुक करायचे! पोटात दुखायचं माझ्या, खोटं कशाला बोलू.

माझी पद्धत सरळ होती. दिवसाला चाळीस दावे लावायचे. कुणाचा वकील येत नाही, कुणाचा साक्षीदार आजारी, कुणाचे कागद घरी राहिलेले. पस्तीस जणांना पुढची तारीख द्यायची, उरलेल्या पाचांत साहेबांचा दिवस जातो. हिने काय करावं? आठ दिवस आधी दोन्ही वकिलांना फोन. कागद दाखल झाले का, साक्षीदार किती, उलटतपासणीला किती वेळ लागेल, खोदून खोदून विचारायची. सगळं जुळलं तरच फाइलवर लाल शाईत 'तयार' असा शेरा. मग दिवसाला चारच दावे, तेही वेळ घालून. आणि वर ते चालायचे! साहेबांनी एकदा मला तिच्या वह्या बघून यायला सांगितलं. मला! मी गेलो, मान डोलावली आणि परत येऊन कपाट आपटलं. बायको म्हणाली, शिका की मग तिच्याकडून. दोन दिवस बोललो नाही बायकोशी.

त्यात एका म्हाताऱ्या सुताराचा दावा तिच्याकडे लागला. वर्कशॉप त्याचं, भाऊ म्हणत होता अर्धं माझं. भावाला जागा नुसती वापरायला दिली होती, पण तोंडी. कागद एकही नाही. काय ठरलं होतं ते सुतारानं स्वतः सांगायचं, एवढाच पुरावा. ते वर्कशॉप आता त्याची मुलगी चालवत होती. त्यावरच घर चालायचं. घड्याळबाईनं त्यांना मंगळवारी अकराची वेळ दिली.

सुताराच्या वकिलाचाच एक जुना दावा माझ्याकडे धूळ खात पडला होता. आमचे साहेब वरिष्ठ, म्हणून आमच्याकडे पुकारा झाला की वकिलाला आधी इकडेच यावं लागतं. हे शिपायालासुद्धा ठाऊक. सोमवारी संध्याकाळी, बाईचे सगळे फोन करून झाल्यावर, मी तो दावा मंगळवारी पहिल्या नंबरावर लावला. बघू या आता तिचं घड्याळ, म्हटलं.

एरवी दहा मिनिटांत तारीख घेऊन सुटणारं ते प्रकरण त्या दिवशी नेमकं चाललं. मी पाणी प्यायला बाहेर आलो तर शेजारच्या बाकावर सुतार बसलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट. मुलगी घड्याळबाईला सांगत होती, "बाई, बाबांचं डोकं कधी जागेवर असतं, कधी नसतं. आज आहे. सकाळपासून सगळं बरोबर सांगतायत. आजच घ्या ना."

मी आत जाऊन साहेबांच्या कानावर घातलं असतं तर वकील तासाभरासाठी सुटला असता. नाही घातलं.

वकील मोकळा झाला तोवर तिकडे दुसरा दावा सुरू झाला होता. पुढची तारीख दोन महिन्यांनी, कारण बाईचं वेळापत्रक गच्च, मधे जागाच नाही. माझ्याकडे असता तर उद्याचीच दिली असती, असं मनात आलं आणि बरंही वाटलं.

दोन महिन्यांनी मी मुद्दाम तिच्या कोर्टाच्या दारात जाऊन उभा राहिलो. वकिलानं सुताराला विचारलं, भावाला जागा काय बोलून दिली होती? म्हातारा पिंजऱ्याच्या कठड्यावरून बोट फिरवत राहिला. वकिलानं पुन्हा विचारलं.

"सागवान आहे," तो म्हणाला. परत कठड्यावरून बोट फिरवायला लागला.

बाहेर पडताना मुलीनं घड्याळबाईचा हात हातात घेतला. तुम्ही तर वेळ दिली होती हो, म्हणाली. तेवढ्यातही माझा जळफळाट झाला. माझा हात असा कधी कुणी धरला नव्हता. ती दोघं गेल्यावर बाई माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते.

"दादा, माझंच चुकलं ना? इतकं घट्ट वेळापत्रक ठेवायला नको होतं."

मी म्हणालो, "हो."