बाबांच्या उंचीची दुर्बीण

दुपारचे अडीच वाजलेत. मुक्ता एकदाची झोपली आहे आणि तिच्या इवल्या मुठीत शाल्मलीचं बोट अडकलंय. मोकळ्या हातातल्या मोबाइलवर पक्षी पाहायचे स्कोप, म्हणजे एकनळी दुर्बिणी, सरकताहेत: सरळ नळीचे, वाकड्या नळीचे. त्यांचे ट्रायपॉडही, ज्यांना बाबा तिवई म्हणायचे. आज ठरवायचंच. परवा दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, मिस्टरांना घेऊन या, मग बघू." पापण्या मिटतात, पण तो राग काही झोपत नाही.

मच्छरदाणी हलते आणि तिची धरणकाठची पाणकणसं होतात. दुकानाचं काचेचं काउंटर धरणाच्या पाण्यात घोटाभर बुडून उभं आहे. मागे बाबा, कोपराला उसवलेल्या त्याच स्वेटरमध्ये.

"या मॅडम. मिस्टर नाही आले?"

"बाबा! तुम्हीसुद्धा?"

बाबांना जाऊन दहा महिने झालेत, हे शाल्मलीला पक्कं ठाऊक आहे. पण आधी भांडण. रडायचं मग बघू.

"तुमची दुर्बीण पक्षिमित्र मंडळाला का दिलीत? बारा वर्षांची असल्यापासून तुमच्यामागे चिखल तुडवला मी. तिवई खांद्यावरून मी वाहिली. आणि जाताना लिहून ठेवलेल्या चिठ्ठीत माझं नावसुद्धा नाही! हार घालून, नारळ फोडून घेऊन गेले ते. वर अध्यक्ष मलाच सांगतात, ताई, तुम्हाला आता बाळातून कुठला वेळ! तुम्हालाही तेच वाटलं ना?"

"टिटवी ओरडायला लागली," बाबा पाण्याला सांगतात. लहानपणापासून तिचं हेच नाव.

"ओरडणारच! पिल्लू असलं की टिटवी जास्त ओरडते. तुम्हीच शिकवलंत."

काउंटर आता नाही. काठावर ती जुनी दुर्बीण तिच्या तिवईवर उभी आहे आणि लांब पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. शाल्मली सवयीने डोळा लावायला जाते.

"थांब. पायांकडे बघ."

ती बघते. दोन्ही टाचा वर.

"पावणेसहा फुटी माणसाच्या उंचीची आहे ती," बाबा म्हणतात. "तिवईचे पाय आखडले असते तर तुला नीट दिसलं असतं. पण मग मला वाकावं लागलं असतं. एकोणीस वर्षं तू चवड्यांवर उभी राहून पक्षी पाहिलेस, शालू. मला ते कळलं कधी, तर दवाखान्यात पडल्यापडल्या. म्हटलं, पुन्हा माझी उंची हिच्या गळ्यात नको."

"मग बोलायचं होतं! दहा महिने मी काय काय समजत राहिले!"

"सांगितलं असतं तर हट्टाने तीच घेतली असतीस."

"घेतली असती! नाहीतर नसती घेतली. पण ते मी ठरवलं असतं. मंडळाने नाही आणि तुम्हीही नाही."

जिवंतपणी बाबांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं.

"चुकलंच," आता ते म्हणतात.

मग ते खाली वाकतात. तिवईच्या पायांच्या कळा सोडतात. टक, टक, टक. तिवई बसकी होते आणि तिच्यावरची नळी बगळ्याच्या मानेसारखी मुरडते.

"वाकड्या नळीची घे. वरून मान घालून बघायचं. ठेंगणी तिवई पुरते, वाऱ्यात थरथरत नाही. उद्या तुझी पोरगी..."

"माहितेय मला. सकाळपासून तेच वाचतेय."

"मग इथे कशाला आलीस?"

"भांडायला."

"बरं केलंस."

शाल्मली मान खाली घालते. टाचा गार गाळात रुततात. भिंगात एका रोहिताचा पिवळा डोळा इतका स्थिर, इतका जवळ, की तीच दचकते. सांगायला मागे वळते, तर नुसती पाणकणसं हलताहेत.

मुक्ता रडते आहे.

शाल्मली तिला कडेवर घेते आणि तशीच दाराशी जाऊन दुकानात फोन लावते. "वाकड्या नळीचा स्कोप बाजूला ठेवा. आणि त्याला बुटकी तिवई. ट्रायपॉड हो."

"मॅडम, पण मिस्टरांची उंची..."

"मिस्टर वाकतील."

फोन ठेवून ती वळते. सकाळीच पुसलेल्या फरशीवर, पलंगापासून दारापर्यंत, काळ्या ओल्या गाळाचे ठसे उमटलेत. टाचांचे.