तळ सांगितला नव्हता

आकाराम पुकळेनं उभ्या आयुष्यात कधी मागं वळून बायको येतीय का ते बघितलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. म्हसवडच्या बाजाराला जाताना तो दहा पावलं पुढं, तानुबाई मागं. दगडावर जोडवी वाजायची, हातातली चुड्यांची भरगच्च ओळ वाजायची. आवाज लांब गेला की याचे पाय आपोआप सावकाश पडायचे, जवळ आला की पुन्हा उचलायचे. मान वळवायचं काम नव्हतं.

मेंढरं होती तेव्हाची गोष्ट आणखी वेगळी. दिवाळी झाली की कळप खाली उतरायचा, कृष्णेच्या अंगाला, आष्ट्याकडं, ऊस तुटलेल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला. पुरुष कळपाबरोबर आडरानानं, बायका घोड्यावर बिऱ्हाड लादून सडकेनं. सकाळी हलायच्या आधी आकारामनं एकदा मोठ्यानं सांगायचं, आजचा तळ कुठं. अमक्या ओढ्याला. तमक्याच्या विहिरीवर. मग दिवसभर कोण कुठं का असेना, दिवस बुडताना मुक्काम तिथंच. कुणी चुकलंच, तर त्यानं शोधत हिंडायचं नाही. शेवटची भाकरी जिथं खाल्ली तिथं जाऊन बसायचं, बाकीचे न्यायला येतात. तीस वर्षं आकाराम संध्याकाळी रानातून वर आला की लांबूनच धूर दिसायचा, आणि धुराखाली तानुबाई असायची.

मग गुडघे गेले. मेंढरं विकली. धाकटी प्रांजल मिरजेला नर्सिंग शिकली आणि तिथून थेट जर्मनीत, न्यूर्नबर्ग नावाच्या शहरात, दवाखान्यात लागली. दोन वर्षांनी तिनं आईबापाला बोलावून घेतलं.

"जन्मभर हिंडलाच की, आबा," ती फोनवर म्हणाली होती. "पण नुसतं बघायला म्हणून कवा हिंडलाय?"

पाचव्या दिवशी तिची सकाळपासून ड्युटी होती. दोघांनीच जाऊन शहर बघून यायचं ठरलं. आदल्या रविवारी तिनं स्वतः नेऊन वाट दाखवली होती. आज तिनं एक फोन दिला, पत्ता आणि नंबर लिहिलेला कागद दिला. दोन्ही आकारामनं कोटाच्या आतल्या खिशात घातलं.

तानुबाईनं नऊवारीखाली लोकरीचे मोजे चढवले, वर लेकीचे बूट, लेकीचा कोट. कपड्यात भाकरी-चटणी बांधली. दारात उभी राहून म्हणाली, "आवं, आज तळ कुठं म्हनायचा?"

आकाराम फेटा बांधत होता. "हितं कसला आलाय तळ? मेंढरं हायत व्हय बरुबर? गुमान माझ्या मागं ये."

"इचारून ठिवलेलं बरं."

"दोन मानसं तर हाय आपन!"

आणि ती गुमान मागं निघाली.

दिवस झकास गेला. जमिनीखालच्या गाडीनं दोघं मोठ्या स्टेशनावर उतरले, तिथून चालत बाजारचौकात आले. चौकात एक कारंजं होतं, देवळाच्या शिखरासारखं निमुळतं, अंगभर सोनेरी रंगाच्या मूर्ती, भोवती लोखंडी जाळी. समोर चर्च. बाराच्या ठोक्याला चर्चच्या घड्याळातल्या बाहुल्या बाहेर आल्या आणि त्यांच्या राजाभोवती फिरल्या.

"सात हायती," तानुबाई म्हणाली.

"आठ."

"मधला ऱ्हायलाच की हालायचा. त्यो राजा. भोवतीची सात."

आकारामनं ऐकल्यासारखं केलं नाही. फोन तिच्या हातात दिला. "धर. हितं दाब. माझा फेटा सगळा आला पायजे." तो कारंज्यापुढं उभा राहिला, चर्चपुढं उभा राहिला, फुलांच्या गाड्यापुढं उभा राहिला. दोन जपानी पोरींनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला, तेव्हा तो जरा ताठलाच.

"बास करा आता," तानुबाई म्हणाली, "आष्ट्याला दाखवाय गेला तर रानमालक पाटील म्हनंल, तानुबाई बरुबर व्हती का न्हवती?"

"तुला काय करायचाय फुटू?"

कारंज्याच्या जाळीला टेकून त्यांनी भाकरी खाल्ली. थंड वाऱ्यात भाकरी चघळत बसलेल्या त्या दोघांकडं फुलवाली बघून हसली, तानुबाईही हसली. अर्धी भाकरी उरली, ती तिनं पुन्हा बांधली.

परतीला स्टेशनात सरकत्या जिन्यापाशी आकाराम पुढं झाला. मागून जोडवी वाजत नव्हती. ती मोज्यांत होती. कोटाच्या बाहीत चुडा गपगार होता. पण आकारामच्या कानाला ते कळलं नाही. पाचपन्नास माणसांच्या बुटांचा खडखडाट होता, त्यातच ती आहे असं त्यानं धरून टाकलं. खाली गाडी उभी होती. तो आत शिरला, खिडकीशी बसला, शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाला, "बस."

एक पोरगा बसला.

आकारामनं जन्मात पहिल्यांदा मान वळवली. दारं मिटत होती. काचेपलीकडं, जिन्याच्या पायथ्याशी तानुबाई नुकतीच उतरत होती, एका हातात लुगड्याचा घोळ, दुसऱ्या हातात गाठोडं. पायऱ्या पायाखालून पळतात म्हणून तिनं दोन पायऱ्या सोडून मग तिसऱ्या पायरीवर पाय टाकला असावा. तिनं वर बघितलं. गाडी हलली.

"ओ! थांबवा! मानूस ऱ्हायलं!" आकारामनं काचेवर तळहात हाणला. दहिवडीला, आष्ट्याला, कुठंही एसटीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या की ड्रायव्हर करकचून ब्रेक लावायचा, शिव्या द्यायचा, पण थांबायचा. इथं काच नुसती दणदणली. डब्यातली माणसं बघू लागली. तो माणसं लोटत पुढं धावला, ड्रायव्हरला सांगायला.

गाडीच्या तोंडाशी पोचला आणि थबकला. तिथं केबिन नव्हती. चाक नव्हतं, माणूस नव्हता. नुसती मोठी काच, आणि काचेतून अंगावर येणारा काळा बोगदा. या शहरातल्या काही गाड्या आपल्या आपण चालतात, हे प्रांजलनं कौतुकानं सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "लय भारी." आता त्या काचेसमोर हात जोडायचे म्हटलं तरी कुणापुढं?

पुढच्या स्टेशनावर तो उतरला. कुणाला तरी कागद दाखवला, कुणी तरी हात केला, पलीकडच्या गाडीत बसला, ती भलतीकडं गेली. पुन्हा उतरला, पुन्हा बसला. मोठ्या स्टेशनात तो परत आला तेव्हा पाऊण तास झाला होता. जिन्याचा पायथा रिकामा होता.

"प्रांजलचे आये!" तो ओरडला. दुसऱ्या फलाटावर जाऊन ओरडला. "तानु!" हे नाव त्यानं चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. घेतलं, तर कुणी ओळखलंही नाही.

प्रांजलचा फोन वाजत राहिला. ड्युटीवर तिचा फोन कपाटात असतो. आकाराम खांबाला टेकून तिथंच बसला. फोन त्याच्याकडं, पत्ता त्याच्याकडं, पैसे त्याच्याकडं. तिच्याकडं अर्धी भाकरी.

एका पोलीस बाईनं त्याला उठवलं. वयानं प्रांजलएवढी. ती स्वतःच्या फोनमध्ये काही बोलली आणि फोन मराठीत म्हणाला, "कृपया आपल्या पत्नीची उंची सांगा."

आकाराम उभा राहिला. हात कानाशी नेला, मग खांद्याशी आणला. मग पुन्हा कानाशी. "माझ्या मागं असती ती," तो म्हणाला.

"तिने कोणत्या रंगाचा कोट परिधान केला आहे?"

लेकीचा कोट. निळा? काळा? सकाळी दारात समोर उभी होती. तळ कुठं म्हणून विचारत होती. तो फेटा बांधत होता.

चुकलेलं मेंढरू सांगायचं असतं तर त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं. डावा कान चिरलेला, मागल्या खुरावर पांढरं, ओरडताना शेवटाला आवाज फाटतो. दोनशे मेंढरांतलं एकेक. शेजारच्या कळपात घुसलेलं काळोखातसुद्धा हात लावून ओळखलं होतं त्यानं.

"चेहऱ्यावर काही खूण?"

"कपाळाला गोंदान," तो घाईनं म्हणाला, आणि मग थांबला. मधे ठिपका आहे की चंद्रकोर, ते त्याला आठवेना.

"आपल्याकडे तिचे छायाचित्र आहे का?"

फोटो! आकारामनं फोन काढला. पोलीस बाईनं बोटानं एकेक सरकवला. कारंजं आणि आकाराम. चर्च आणि आकाराम. आकाराम आणि जपानी पोरी. सत्तावीस फोटो. एकाच्या कोपऱ्यात खालून काही तरी धुरकट, गुलाबीसर वर आलेलं होतं. आकारामनं बघितलं. तिचं बोट होतं. काचेवर आलेलं.

"ही," त्यानं त्या बोटावर बोट ठेवलं. "ही माझी मालकीण."

पोलीस बाईनं आपला फोन खिशात ठेवला. तिनं त्याला पाण्याची बाटली दिली.

साडेचारला प्रांजल धापा टाकत आली, दवाखान्याच्या कपड्यांवर नुसता कोट. "आबा, आई कुठाय?"

"चुकली."

"ती चुकली का तुमी?"

आकारामनं रिकाम्या जिन्याकडं बोट केलं.

"मागं बघितलं न्हाई? एकदा पन? आवं, हितं लोक कुत्र्याला सुदिक मागं वळून बघत्यात!" तिचा आवाज चिरकला. ती पोलीस बाईशी भराभरा जर्मन बोलू लागली. आकारामला त्यातलं 'मामा' तेवढं कळलं. वर, जिन्याच्या तोंडाशी, अंधारून येत होतं. दिवस बुडायची वेळ. सवयीनं त्याची नजर धूर शोधायला वर गेली, आणि त्याला एकदम धक्का बसल्यासारखं झालं.

"पोरी," तो म्हणाला, "आपल्यात चुकल्यालं मानूस कुठं बसतं?"

प्रांजल बोलता बोलता थांबली. तिचं लहानपण तळांवरच गेलं होतं. "शेवटची भाकरी खाल्ली तिथं. कुठं खाल्ली?"

"त्या उंच कारंज्यापशी."

"आनि तुमी तीन तास हितं बसला?"

चुकलेल्यानं काय करायचं ते त्यानं कितीतरी पोरांना शिकवलं होतं. स्वतः तो कधी चुकलाच नव्हता.

चौकात गाडे आवरत होते. कारंज्याच्या जाळीला टेकून, फुलवालीनं दिलेल्या पुठ्ठ्यावर तानुबाई बसली होती, गाठोडं मांडीवर, तोंड स्टेशनाच्या वाटेकडं. कोट तपकिरी होता. उंची... ती उठली तेव्हा त्यानं बघितलं, ती त्याच्या हनुवटीपर्यंतसुद्धा येत नव्हती. कपाळावर ठिपकाही नव्हता आणि चंद्रकोरही. तुळशीचं रोपटं होतं, फिकट झालेलं.

"आगं, वाट कशी घावली तुला?" एवढंच त्याला सुचलं.

"तुमी म्होरं बघत चालला व्हता. मी खुणा बघत." तिचे दात वाजत होते. प्रांजलनं तिचे हात आपल्या हातांत घेतले. ते निळसर पडले होते. "दोनचार येळा वाटलं उठावं आनि बघाय जावं. म्हनलं, मी उटले आनि ह्ये आले तर?"

ती रागावली नाही. रागावली असती तर आकारामला बरं वाटलं असतं. गाडीत ती लेकीच्या खांद्यावर मान टाकून बसली. आकाराम समोर बसला आणि घर येईपर्यंत तिच्याकडं बघत राहिला, डोळा लवू न देता, पण आता त्याचा काय उपयोग होता ते त्यालाही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किल्ला बघायचा होता. प्रांजल तिकिटं काढून ड्युटीला गेली होती. आज फोन दोन होते, कागद दोन होते. आकाराम लवकर आवरून बसला. तानुबाईनं मोजे चढवले, बूट चढवले, दारात उभी राहिली.

"तळ कुठं?"

आकारामनं कागद उघडला. शेकडो ओढ्यांची, विहिरींची, माळांची नावं त्याला तोंडपाठ होती. कागदावरची ही अक्षरं त्याच्या जिभेवर येईनात. खिडकीतून त्यानं खाली बघितलं. सारखी घरं, सारखी झाडं, सारखे रस्ते. इथं कुठली जागा तो हिला सांगणार होता, आणि सांगून तरी तिथं वेळेवर पोचणार होता का?

ती थांबली होती. घाई करत नव्हती.

"तळ," तो म्हणाला. मग फेटा काढून त्यानं गुडघ्यावर ठेवला. "आज तळ हितंच."

तानुबाई क्षणभर त्याच्याकडं बघत राहिली. मग खाली बसून तिनं एकेक बूट काढला, मोजे काढले. उघड्या पायांनी ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा फरशीवर जोडवी वाजली. परतीच्या विमानाला अजून पंधरा दिवस होते.