हलव्याचे दागिने घातलेला विषाणू

हलव्याला काटा यायला थंडी लागते, आणि मुंबईत ती मागून मिळत नाही. बोरिवलीला आमच्या इमारतीमागे नॅशनल पार्कचं रान आहे. जानेवारीच्या पहाटे तिथून जरा गारवा झिरपतो, आणि तेवढ्या भरवशावर मी दरवर्षी परातीत तीळ घेऊन बसते. मंद आच, चमचाभर पाक, आणि बोटांच्या टोकांनी हळुवार फिरवणं. तिळांची कोरडी सळसळ जड होत जाते आणि अचानक तळव्याला पहिला काटा टोचतो.

त्या वर्षी कॉलेजं अजून पडद्यावरच भरत होती. बायोकेमिस्ट्री शिकणाऱ्या माझ्या लेकीला करोना विषाणूची प्रतिकृती करून सरांना समजावायची होती. त्यावर तिचे गुण ठरणार होते. थर्माकोलच्या गोळ्यावर तिने लाल कागदाचे सुळके रोवले. हे स्पाइक प्रथिन.

"आई, या सुळक्यांवर साखरेच्या साखळ्या असतात. आपल्याच पेशींकडून ढापलेल्या. त्या पांघरल्या की शरीराचे पहारेकरी फसतात, घरचाच समजून सोडून देतात."

"म्हणजे आपलेच दागिने घालून चोर हिंडतो की गं!"

"तेच ना! तुझा हलवा दे."

पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला नटवावं तसं आम्ही त्याला नटवलं. सुळक्यासुळक्यावर पांढऱ्याशुभ्र काटेरी माळा. इतका सोज्वळ दिसू लागला, की मला ओवाळावंसं वाटलं. परातीत दाणाही उरला नाही.

माझ्या सासऱ्यांना मधुमेह. गोड पूर्ण बंद. एरवी विषाणूचं नाव निघालं की टीव्ही बंद करणारे ते, संध्याकाळभर त्याच्याभोवती घुटमळत राहिले.

सकाळी वर्ग सुरू होता होता लेक किंचाळली, "आई, वाट लागली! एक सुळका उघडा!"

तिथे नुसता ओलसर दोरा लोंबत होता. सासरे आरामखुर्चीत, तोंडाला मास्क.

"आबा, मास्क काढा," मी म्हटलं.

"सरकारने घालायला सांगितलाय."

"घरात?"

"वय झालं माझं. जपायला नको?" आणि मास्कच्या आत काहीतरी कडकन फुटलं.

तेवढ्यात पडद्यावर तिचा नंबर पुकारला गेला. तिने तो उघडा सुळकाच कॅमेऱ्यासमोर धरला. "सर, साखर काढली की प्रथिन असं उघडं पडतं. मग पहारेकरी त्याला ओळखतात, पकडतात."

"वा! हेही दाखवलंस? पण साखर तोडायला एन्झाइम लागतं. तू कुठलं वापरलंस?"

लेकीने खुर्चीकडे पाहिलं. "घरगुती आहे, सर. जुनं आहे, पण अजून जोरात चालतं."

मास्क हनुवटीवर आला. पांढऱ्या मिशीत पांढरी साखर चमकत होती. "सर, बाकीच्या सुळक्यांवरही करून दाखवू का?"

सर इतके हसले की पडदा थरथरल्यासारखा वाटला. लेकीला भरघोस गुण मिळाले. दुपारी रक्तातली साखर मोजली, तेव्हा आबांनाही.